परत जायचंय ना, मग परत बघायला जा

तुझा रात्रीचा लांबलचक मेसेज वाचला. लगेच उत्तर दिलं नाही कारण खरं सांगायचं तर राग आला होता. दोन शॉर्ट फिल्म चांगल्या झाल्या, लोकांनी "संवेदनशील दिग्दर्शिका" वगैरे म्हटलं, आणि आता तुला टेन्शन काय, तर ती जुनी खुनाची स्क्रिप्ट परत काढली तर लोक म्हणतील ही मागे गेली. कोण लोक गं? नंबर दे, मी बोलतो त्यांच्याशी.

धीर वगैरे देत बसत नाही, तुला त्याची गरज नाहीये. मला इटालियन दिग्दर्शक दारिओ आर्जेन्तोबद्दल बोलायचंय. तू त्याचा फक्त सस्पिरिया पाहिलायस, तोही बहुतेक लाल-निळ्या लाइटिंगसाठी. पण हा माणूस मुळात जालोवाला, म्हणजे इटालियन मर्डर मिस्टरी, काळे हातमोजे, वस्तरा आणि एक बिचारा साक्षीदार. 1970 साली पहिलीच फिल्म केली ती हीच. मग 1977 ला सस्पिरिया, 1980 ला इन्फर्नो, चेटकिणींची तीन भागांची मालिका ठरलेली, सगळे तिसऱ्या भागाची वाट बघतायत आणि साहेबांनी 1982 ला काय केलं तर टेनेब्रे, परत वस्तरा, परत खुनी कोण. तिसरी चेटकीण आली थेट 2007 ला. 2001 चा स्लीपलेस पण तसाच, परत जालो, परत तेच तुरिन शहर जिथे त्याचा जुना जालो डीप रेड शूट केला होता, म्युझिकला परत तीच गॉब्लिन बँडची मंडळी. आणि 2022 ला, वयाच्या 81 व्या वर्षी, डार्क ग्लासेस. परत तेच! त्याला कुणी म्हटलं नसेल मागे गेलास म्हणून? भरपूर म्हटलं असणार.

आता माझा मुद्दा ऐक, आणि हा मी चारदा सांगणार आहे, कंटाळलीस तरी. परत जायचं तर परत बघायला जायचं. नुसतं जुनं उगाळायला नाही.

त्याच्या पहिल्या फिल्ममध्ये, द बर्ड विथ द क्रिस्टल प्लुमेजमध्ये, रोममध्ये आलेला एक अमेरिकन लेखक आर्ट गॅलरीच्या दोन काचेच्या दारांमध्ये अडकतो आणि समोर एका बाईवर हल्ला झालेला बघतो, काही करू शकत नाही. मग पूर्ण फिल्मभर तो तोच प्रसंग डोक्यात परत परत चालवतो कारण त्यात काहीतरी चुकतंय. डीप रेडमध्ये पियानो वाजवणारा माणूस चित्रं लावलेल्या कॉरिडॉरमधून पळत जातो, आणि उत्तर तिथेच असतं, त्याने पाहिलेलं असतं आणि आपणही पाहिलेलं असतं. कॅमेरा ते खरंच दाखवतो. पॉज करून बघ, आहे तिथे. काय आहे ते मी सांगणार नाही, फुकट मिळणार नाही तुला. पण मेख समजून घे, नवीन पुरावा लागत नाही, जुनंच नीट बघावं लागतं.

आणि दिग्दर्शक स्वतः पण तेच करतो गं, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. 1971 चा कॅट ओ नाइन टेल्स, त्यात नट कार्ल माल्डन झालाय आंधळा, शब्दकोडी तयार करणारा, आणि त्याच्याबरोबर एक लहान मुलगी. 1977 च्या सस्पिरियात एक आंधळा पियानोवाला, रात्री रिकाम्या चौकात त्याचाच कुत्रा त्याला मारतो. आता 2022 चा डार्क ग्लासेस बघ. डायना, रोममधली कॉल गर्ल, खुनी गाडीने मागे लागतो, अ‍ॅक्सिडेंट होतो, तिची दृष्टी जाते, त्याच अ‍ॅक्सिडेंटमुळे एक चिनी मुलगा एकटा पडतो, आणि पुढे ती, तो मुलगा आणि तिची वाट दाखवणारी कुत्री. (स्पॉयलर आहे, पण तू उशीर केलास पाहायला, तुझी चूक.) शेवटी कुत्रीच तिला वाचवते. तोच आंधळा माणूस, तेच लहान मूल, तोच कुत्रा, पण 45 वर्षांनी कुत्रा बाजू बदलतो. आयुष्यभर ज्याने "पाहिलं पण दिसलं नाही" असे साक्षीदार रंगवले त्याने म्हातारपणी नायिकेचे डोळेच काढून घेतले. याला मागे जाणं म्हणतात का? हे परत बघणं आहे.

उगाच देव्हाऱ्यात बसवू नकोस हां. फिल्म डीप रेडच्या जवळपास पण नाही. खुनी कोण हे कोडं फारसं कोडंच राहत नाही, आणि ते पाण्यातल्या सापांचं प्रकरण, मला हसू आलं. पण सुरुवातीचं ग्रहण, भर दिवसा रोममध्ये सगळे वर बघतायत, ते बघच. आणि ही स्क्रिप्ट 2000 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतली, पटकथाकार फ्रांको फेरिनीबरोबर लिहिलेली, निर्माता दिवाळखोरीत गेला आणि ती पडून राहिली, पुढे मुलगी आसियाच्या हाती लागली तेव्हा कुठे झाली. वीसेक वर्षं पडून होती म्हणून ती शिळी झाली नाही.

हे मी तुलाच सांगतोय की स्वतःला, विचारू नकोस. माझी पण एक आहे ड्रॉवरमध्ये, गिरगावातल्या चाळीतली, तुला माहितीये. एका निर्मात्याने "मर्डर-बिर्डर किती दिवस करणार, फॅमिली ड्रामा लिहा" म्हटलं आणि मी लिहिलं, वर्षानुवर्षं लिहिलं, सासवा लिहिल्या, मंगळागौरी लिहिल्या. लोक म्हणतात घाबरला. घाबरलो नव्हतो, घराचे हप्ते होते, पोरीची फी होती, आणि त्या सासवांचे संवाद वाईट नव्हते, आजही कुणी काढून बघावेत. वाईट वाटतं ते एवढंच की ती चाळ तेव्हा उभी होती, जिने होते, जिन्यावरचा उजेड होता. आता तिथे टॉवर आहे. तुझं लोकेशन अजून जागेवर आहे आणि तू मला "लोक काय म्हणतील" लिहितेयस.

म्हणून परत सांगतो, परत बघायला जा. तुझ्या स्क्रिप्टमध्ये ती शेजारीण पहिल्याच सीनला गॅलरीत उभी आहे आणि नंतर तू तिला विसरूनच गेलीस. तिने काय पाहिलं? तुझ्या दोन्ही शॉर्ट फिल्म अशाच बायकांवर आहेत ना, ज्यांना कुणी विचारत नाही? मग ते शिकलेलं इथे घाल की. इन्स्पेक्टरचा सबप्लॉट उडव, तो तू टीव्ही बघून लिहिलायस, कळतं लगेच. आणि आधी डीप रेड बघ, मोबाइलवर नको, लॅपटॉपला हेडफोन लावून.

नवीन ड्राफ्ट गणपतीच्या आधी पाठव. माझी वाचायला मागू नकोस, तिचा शेवट अजून बसत नाहीये.