हार्मोनियमच्या बारा पट्ट्या सारख्या अंतरावर असतात, तरी तिच्यावर रियाज करू नका असं का म्हणतात?

करू नकाच. कारण सांगते, पण त्यावरून आमच्या घरात अजून भांडण आहे.

परभणी जिल्ह्यातलं गाव. सप्ताहात आई भूप रागातला अभंग म्हणायची, पेटीवर धाकटे काका. आई गंधारावर, म्हणजे सरगमेतल्या ग वर, थांबली की काका ती पट्टी दाबून धरायचे आणि सगळ्या टाळकऱ्यांदेखत म्हणायचे, "वहिनी, गंधार उतरतोय. वर घ्या." आई पदर सारखा करून सूर वर घ्यायची, अभंगाची मजा तिथंच जायची. "पेटी काय खोटं बोलते का?" हे काकांचं ठरलेलं.

बोलते. सा 240 धरा, म्हणजे सेकंदाला 240 कंपनं. साला मिळणारा गंधार त्याच्या 5/4 पट, म्हणजे 300. तंबोऱ्याच्या खर्जातून, म्हणजे खालच्या साच्या तारेतून, आपसूक ऐकू येतो तो हाच. पेटीत प्रत्येक पट्टी आधीच्या 1.0595 पट, चार पट्ट्या चढलं की 302.4. धैवत (ध) 400 हवा, पेटीवर 403.6. पंचम (प) मात्र 360 च्या जागी 359.6, कुणाला कळतंय? म्हणून आईचा पंचम कधी 'उतरला' नाही. गळाच कच्चा असता तर पंचम बरा सुटला असता! माहेरी ती एकतारीवर गायलेली, कान तिथं तयार झाला.

पेटीवाले तरी काय करणार? सा-प असं दर वेळी दीडपट, बारा वेळा चढलं की 129.75 पट होते, आणि दर वेळी दुप्पट करत सात सप्तकं चढलं की 128 पट. हिशेब मुळात जुळतच नाही. फरक सगळीकडं सारखा वाटून टाकला, म्हणून ज्याचा सा काळी एकवर तो आणि ज्याचा पांढरी चारवर तो, दोघं एकाच पेटीवर गातात. आकाशवाणीनं 1940 ते 1971 पेटीवर बंदी ठेवली होती, हे काकांना सांगितलं तर म्हणाले, "मग उठवली कशाला?"

तर रियाज तंबोऱ्यावर करा, मोबाईलमधला चालेल. कुणी पट्टी दाबून गंधार उतरला म्हणलंच, तर पंचम लावून दाखवा.

सप्ताहाच्या गजरात पेटीच बरी, तंबोरा ऐकू तरी येईल का. आणि हे शुद्ध गंधाराचं झालं. कोमल गंधाराचं उलटं आहे, 288 हवा आणि पेटी 285.4 देते. दरबारी रागाचा गंधार तर या हिशेबात धरूच नका.