तुमचे प्रश्न: नुसतं चिकटून न्यूरॉन वाढत नाही

प्रश्न: माझी नात बायोटेक करतेय. ती म्हणते काचेच्या डिशमध्ये न्यूरॉन (म्हणजे मेंदूतल्या, नसांमधल्या पेशी) वाढवायला एका शेंगेतलं प्रोटीन लावतात. आणि व्हॉट्सअॅपवर येतं की गहू, राजमा यातलं लेक्टिन नसा खराब करतं. आम्ही धरायचं काय? – एक आजोबा, सांगली

उत्तर: आजोबा, नात बरोबर आहे आणि व्हॉट्सअॅप अर्धवट आहे, नेहमीसारखंच. प्रत्येक पेशीच्या अंगावर साखरेच्या बारीक साखळ्या लोंबत असतात, चहातली साखर नव्हे हं, मॅनोज, गॅलॅक्टोज, सायलिक अॅसिड अशी मंडळी, आणि यातली ठराविकच साखर ओळखून जे प्रोटीन धरतं ते लेक्टिन. 1888 मध्ये श्टिलमार्कने दाखवलं होतं की एरंडाच्या बियांच्या अर्काने रक्तातल्या लाल पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे गठ्ठे होतात. लेक्टिन हे नाव मात्र 1954 चं, विल्यम बॉइड यांनी दिलेलं, लॅटिनमधल्या 'निवडणे' अशा अर्थाच्या शब्दावरून, म्हणजे आपण मेथी निवडतो तसं.

तुमच्या नातीचं प्रोटीन बहुतेक कॉन-ए (पूर्ण नाव कॉनकॅनाव्हॅलिन-ए) हे लेक्टिन असणार. आपल्याकडे अबईच्या शेंगांची भाजी करतात ना, तिच्या सख्ख्या बहिणीच्या म्हणजे जॅक बीनच्या दाण्यात ते असतं. याला चार हात, आणि चारही हात मॅनोज किंवा ग्लुकोज धरणारे. 1986 साली जळवेच्या न्यूरॉनवर याचा एक प्रयोग छापून आला, मला तो फार आवडतो. जळवेचे न्यूरॉन चांगले टपोरे असतात, एकेक ओळखून बाहेर काढता येतो. असे न्यूरॉन पॉलिलायसिन नावाचा चिकटवणारा पदार्थ लावलेल्या डिशमध्ये ठेवले तर ते चिकटतात, कारण पॉलिलायसिनवर पॉझिटिव्ह चार्ज आणि पेशीच्या अंगावर निगेटिव्ह, फुगा केसांवर घासून भिंतीला चिकटवतो तसला प्रकार, पण चिकटूनही त्यांना फांद्या काही पटकन फुटत नाहीत. तेच न्यूरॉन कॉन-ए लावलेल्या डिशमध्ये ठेवले की झपाट्याने फुटायला लागतात. म्हणजे नुसतं चिकटणं पुरत नाही, कोण कशाला धरतंय यावर सगळं ठरतं. फांदीच्या टोकाला पंजासारखा भाग असतो, तो बोटं पुढे टाकतो, खालचं काहीतरी पकडतो आणि आतल्या अॅक्टिन नावाच्या प्रोटीनच्या दोऱ्यांनी स्वतःला ओढत पुढे सरकतो, आता पकडच नीट नसेल तर तो ओढणार कशावर जोर देऊन?

गव्हाच्या अंकुरातलं लेक्टिन दुसऱ्या साखरा धरतं आणि त्याचा परिणाम उलटा दिसला. मणक्याशेजारच्या गाठींमधल्या न्यूरॉनवर ते घातलं तर तंतूंची वाढ थांबली, कॉन-ए घातलं तर नवे तंतू फुटायला मदत झाली. फॉरवर्डवाल्यांनी यातला पहिला अर्धाच उचललेला दिसतो. शुद्ध करून थेट न्यूरॉनवर ओतलेलं प्रोटीन वेगळं आणि पोळी वेगळी, तेव्हा पोळी बिनधास्त खा. राजमा मात्र रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून चांगला खळखळून उकळा, कारण कच्च्या राजम्यातल्या लेक्टिनने उलट्या होतात, पण तो त्रास पोटाचा आहे, नसांचा नाही.

प्रश्न: मनगटाची नस कापली गेली होती, शिवल्यावर हळूहळू बोटांत जाणीव परत आली. मग मणक्याला मार लागला की असं का होत नाही? – एक वाचक, नाशिक

उत्तर: कारणं बरीच आहेत, त्यातलं एक वरच्याच गोष्टीतलं आहे. नसेभोवतीच्या मायलिनच्या वेष्टनात मॅग नावाचं प्रोटीन असतं, तेही लेक्टिनच, आणि ते अॅक्सॉनवरच्या, म्हणजे न्यूरॉनच्या लांब तंतूवरच्या, सायलिक अॅसिडला धरतं. गंमत म्हणजे कोवळ्या न्यूरॉनला हीच पकड वाढायला मदत करते आणि मोठ्या झालेल्या न्यूरॉनला 'बास, इथेच थांब' सांगते. एरवी ते बरंच आहे म्हणा, वायरिंग झालेल्या मेंदूत कुणी कुठेही फांद्या फोडायला लागलं तर कसं चालेल? पण इजा झाल्यावर तोच ब्रेक नडतो. हातातल्या नसेत तुटक्या मायलिनचा कचरा श्वान पेशी (नसेला वेष्टन घालणाऱ्या, कुत्र्याशी संबंध नाही) आणि मॅक्रोफेज (शरीरातल्या सफाईवाल्या पेशी) काही आठवड्यांत उचलून टाकतात, मज्जारज्जूत तो बराच काळ पडून राहतो. 2006 मध्ये संशोधकांनी इजा झालेल्या उंदरांच्या मज्जारज्जूत सायलिक अॅसिड कापणारं एन्झाइम सोडलं, तेव्हा अॅक्सॉनची वाढ सुधारली होती. माणसांसाठी यातून औषध अजून आलेलं नाही.

तुमची नस मात्र साधारण दिवसाला 1 मिलिमीटर या वेगाने पुढे सरकत गेली असणार, मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर मोजून बघा, किती महिने का लागले ते लगेच कळेल.