कपाटाचं कुलूप काढ

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. लॅक्रोसचा सीझन संपला, मुलं पांगली, आता पुढचे पाच महिने त्यांच्याकडून काय करून घ्यायचं, हा तुझा प्रश्न. मला आधी सांग, टोकाला जाळी असलेल्या त्यांच्या स्टिक कुठे आहेत?

मोजून, पुसून, कुलपात ठेवल्यात असं तू लिहिलंयस. पहिल्या वर्षी मीही तेच केलं होतं. वर्गणीतून घेतलेलं सामान हरवलं तर काय, ही धास्ती. पुढच्या सीझनला मुलं आली ती हात विसरून. क्रेडल करत, म्हणजे बॉल जाळीत टिकावा म्हणून स्टिक झुलवत, मैदानभर पळणाऱ्या पोरांचा बॉल चौथ्या पावलाला जाळीतून पडायचा, आणि शिकवलेलंच पुन्हा शिकवण्यात कितीतरी आठवडे गेले. तेव्हापासून शेवटच्या दिवशी प्रत्येक मूल स्टिक आणि एक बॉल घेऊन घरी जातं. वहीत नाव, पालकांची सही, एवढंच. एखादी स्टिक मोडून येते, एखादी येतच नाही. तो खर्च मी आधीच धरून चालतो.

उत्तर अमेरिकेतल्या ज्या मूलनिवासींकडून हा खेळ आला, त्यांपैकी हौडेनोशौनी लोकांत मुलगा जन्मला की त्याला छोटी लाकडी स्टिक देण्याची परंपरा आहे, आणि माणूस गेला की त्याची स्टिक त्याच्यासोबत जाते. खेळाला ते औषध मानतात. स्टिक वाटताना मुलांना हे नक्की सांग. माझ्या अनुभवात त्यानंतर ती स्टिक जास्त जपतात.

घरी करायचं काय, तर भिंत. खिडकी नसलेली कुठलीही भिंत, चार-पाच मीटर अंतर, रोज दहा-पंधरा मिनिटं. उजवा हात वर ठेवून पन्नास, डावा वर ठेवून पन्नास. मग एका बाजूला झेलून दुसऱ्या बाजूने फेकणं. ते जमलं की झेलताक्षणी, क्रेडल न करता परत फेकणं. बॉल येताना स्टिक किंचित मागे घ्यायची, म्हणजे तो जाळीवर आपटून उडत नाही. मुलं एकूण आकडा सांगतील, 'सर, आज तीनशे केले.' तू विचार, न पाडता सलग किती? आणि कमजोर हाताने किती? एकाच हाताने खेळणाऱ्याला बचावपटू दोन मिनिटांत ओळखतो आणि पुढे सामनाभर त्याला नको त्या बाजूला ढकलत राहतो. कमजोर हाताचे पहिले दोन आठवडे फार वाईट जातात. बॉल डोक्यावरून, पायाखालून, कुठेही. मुलं सोडतात ती याच टप्प्यावर. म्हणून त्या पंधरवड्यात प्रत्येकाच्या घरी एक फोन कर. माझ्या मते ऑफ-सीझनमधलं तुझं सगळ्यात मोठं काम हेच.

खरा बॉल टणक रबराचा, जवळजवळ दीडशे ग्रॅमचा. लहानांना मऊ सरावाचा बॉल दे.

आठवड्यातून एकदा, ज्यांना यावंसं वाटेल त्यांच्यासाठी, हॉलमध्ये तिघांविरुद्ध तिघे खेळव. लहान गोल, मऊ बॉल, स्टिकचे फटके बंद. जागा कमी पडली की हात आपोआप जलद होतात. कॅनडात १९३०च्या दशकात उन्हाळ्यात रिकाम्या पडलेल्या आइस हॉकीच्या रिंकमध्ये बॉक्स लॅक्रोस, म्हणजे या खेळाचा बंदिस्त जागेतला प्रकार, वाढला. तिथला गोल मैदानी गोलापेक्षा बराच लहान, त्यामुळे ते खेळाडू अरुंद फटीतून बॉल घालायला शिकतात. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही सहा-सहाच्या संघांचा छोटा प्रकारच असणार आहे. पदकासाठी हा खेळ ऑलिंपिकमध्ये याआधी शेवटचा १९०८ साली झाला होता. मुलांचे डोळे कसे चमकतात बघ हे ऐकून.

कुणाला या महिन्यांत बास्केटबॉल खेळायचं असेल तर आनंदाने जाऊ दे. बचावात पाय कसे सरकवायचे, सहकाऱ्यासाठी जागा कशी मोकळी करायची, हे तिथून तयार होऊन येतं. वर्षभर एकच खेळ रेटला की लहान सांधे कुरकुरतात, आणि मनही.

आणखी एक, हे टाळू नकोस. छातीवर हृदयाच्या जागी नेमक्या क्षणी बॉल बसला तर निरोगी मुलाचंही हृदय बंद पडू शकतं. अशा वेळी पहिली काही मिनिटंच हातात असतात. तू आणि दोन पालक, सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) आणि एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) वापरण्याचं प्रशिक्षण आत्ताच घ्या. सीझन सुरू झाला की वेळ मिळत नाही. गोलकीपरचं छातीचं संरक्षक जुनं असेल तर यंदा पहिला खर्च त्यावर कर, नव्या जर्सी नंतर.

मोठ्या मुलांना जाळी विणायला शिकव. पॉकेट, म्हणजे जाळीचा खोलगट भाग, सैल पडलं की फेकलेला बॉल खाली जातो, आणि मुलाला वाटतं आपलाच हात बिघडला.

या रविवारी सगळ्यांना बोलावून स्टिक वाटून टाक. किती गेल्या आणि त्यातल्या किती घरांजवळ भिंत नाही, ते मला कळव. ज्यांच्याकडे भिंत नाही त्यांच्या जोड्या लावू.

तुझा,
सर