उंच केलेल्या गाडीची पुढची चाके: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझी हापूसची बाग देवगड तालुक्यात सड्याच्या उतारावर आहे आणि तिथवर जाणारी पाणंद जांभ्या दगडाची आहे. खालून दगड लागू नयेत म्हणून दिवाळीनंतर मी माझ्या जुन्या, टॉर्शन बारच्या (स्प्रिंगेचे काम करणाऱ्या, पिळल्या जाणाऱ्या पोलादी दांड्याच्या) थारची पुढची बाजू बार आवळून २ इंच उचलली, मागे पाट्यांखाली ठोकळे घातले आणि टायर एक माप मोठे घेतले. तेव्हापासून गाडी डावीकडे ओढते. साडेचार हजार किलोमीटरांतच पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड झिजली. मशीनवर दोनदा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) केली, दोन्ही वेळा कागदावर टो (चाकांची तोंडे आत किंवा बाहेर किती वळली आहेत ते माप) बरोबर आला, पण पंधरा दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता काय करावे?

उत्तर : आपण टायरचे छायाचित्र पाठवलेत हे फार चांगले केलेत, पण त्याहून अधिक माहिती आपल्या हाताला मिळेल. गाडी उभी करून तळहात टायरच्या नक्षीवरून आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर फिरवा. आत जाताना हाताला धारदार कडा लागत असतील आणि बाहेर येताना हात गुळगुळीत सरकत असेल, तर चाकांची पुढची तोंडे बाहेर फाकली आहेत, म्हणजे टो-आऊट आहे. कडा उलट्या दिशेला लागल्या तर टो-इन जास्त आहे. धार कोठेच नसून टायर एका बाजूला नुसता उतरता झिजला असेल, तर दोष कॅम्बरचा, म्हणजे चाक वरून आत किंवा बाहेर कलण्याचा, आहे, आणि तो केवळ टो जुळवून जाणार नाही.

बार आवळून गाडी उचलली की आर्मची, म्हणजे चाकाला चासीशी जोडणाऱ्या दांड्यांची, लांबी वाढत नाही, फक्त त्यांचा कल वाढतो. वरची आर्म आखूड आणि खालची लांब असल्यामुळे दोन्हींची टोके सारख्या प्रमाणात आत येत नाहीत आणि कॅम्बर बदलतो. टाय रॉडही, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकाला देणारा दांडाही, पूर्वीइतका आडवा राहत नाही, त्यामुळे टो बदलतो. हा बदल एकदाच होऊन थांबत नाही, हे आपल्या प्रश्नाचे मर्म आहे. टाय रॉड जितका तिरका, तितके चाक वरखाली होताना ते स्टिअरिंग न फिरवताही थोडे वळते. मशीनवर गाडी स्थिर उभी असते, म्हणून कागदावरचा टो खरा असतो, पण तो फक्त त्या एका उंचीपुरता. पाणंदीतल्या प्रत्येक दगडावर तो बदलत राहतो आणि टायर घासला जातो. म्हणूनच तिसऱ्यांदा टो जुळवण्यावर पैसे घालवू नयेत, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

आधी सैल भाग शोधावेत. पुढचे चाक जॅकवर उचलून वरखाली धरून हलवले असता प्ले (सैलपणा) जाणवला, तर बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग पाहावे, आणि डावीकडे-उजवीकडे धरून हलवले असता प्ले जाणवला, तर टाय रॉड एंड पाहावा. टॉर्शन बारच्या गाडीत वजन खालच्या आर्मवर असते, त्यामुळे जॅक चासीखाली न लावता खालच्या आर्मखाली लावावा, नाहीतर बॉल जॉइंटवरचा ताण न सुटल्याने त्याचा प्ले लपून राहतो. आर्मचे रबरी बुश फाटलेले असतील तर आज जुळवलेली अलाइनमेंट ब्रेक मारताच सरकते. आपल्या बाबतीत पंधरा दिवसांत दोष परत येतो, त्यावरून काहीतरी सैल असण्याची शक्यता मला बरीच वाटते. त्याच वेळी ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूटही तपासावेत. वाढलेल्या कोनामुळे त्यांच्या घड्या एकमेकींवर घासून फाटतात आणि ग्रीस बाहेर पडून आत जांभ्याची लाल माती शिरते.

त्यानंतर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. बार आवळण्याचा बोल्ट प्रत्येक बाजूला वेगळा असतो, आणि दोन्हीकडे सारखेच आटे फिरवले म्हणून उंची सारखी येतेच असे नाही. डाव्या-उजव्या बाजूंचा कॅम्बर किंवा कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे असलेला कल) वेगळा असला की गाडी ओढते. कॅम्बरमुळे ती ज्या बाजूचा कॅम्बर अधिक धन आहे (चाकाचे वरचे टोक जास्त बाहेर कलले आहे) तिकडे जाते आणि कॅस्टरमुळे ज्या बाजूचा कॅस्टर कमी आहे तिकडे. मात्र ओढण्याचे खापर अलाइनमेंटवर फोडण्यापूर्वी दोन्ही टायरांतील हवा सारखी करावी आणि पुढचे टायर डावे-उजवे बदलून पाहावेत. टायरांवर फिरण्याची दिशा छापलेली असेल तर मात्र ही अदलाबदल करू नये. ओढण्याची दिशा बदलली तर दोष टायरचा आहे. चार-पाच किलोमीटर जाऊन आल्यावर डावे चाक उजव्यापेक्षा जास्त तापत असेल तर ब्रेक अडकतो आहे.

माझा सल्ला असा की पुढची उंची निम्म्याने कमी करावी. बार आवळून मिळवलेली उंची चाकाच्या खाली जाण्याच्या वाटेतून वजा होते, आणि दगडधोंड्यांच्या वाटेवर तीच वाट आपल्याला हवी असते. मोठ्या टायरमुळे जी उंची मिळाली आहे ती डिफरेन्शियललाही (चाकांना ताकद वाटणाऱ्या, खाली असलेल्या गिअरच्या डब्यालाही) मिळाली आहे, ती तशीच राहील. नंतर गाडी दोन-तीनशे किलोमीटर चालवून स्प्रिंगा बसू द्याव्यात आणि मग कॅस्टर, त्यानंतर कॅम्बर आणि सर्वांत शेवटी टो या क्रमाने अलाइनमेंट करून घ्यावी, कारण पहिले दोन हलवले की टो हलतोच. हंगामात मागे आंब्याच्या पेट्या असतात, तेव्हा मशीनवरही साधारण तेवढे वजन ठेवून गाडी न्यावी. टो मिलिमीटरमध्ये न मागता अंशांमध्ये मागावा, कारण टायर मोठा झाला की तोच कोन मिलिमीटरमध्ये जास्त दिसतो.

घरी खात्री करायची असेल तर सपाट शहाबादी फरशीवर स्टिअरिंग सरळ ठेवून दोन्ही पुढच्या टायरांच्या पुढच्या बाजूला, हबच्या उंचीवर, नक्षीच्या मधोमध खडूने बारीक रेघ ओढावी आणि दोन रेघांमधले अंतर टेपने मोजावे. मग गाडी हाताने पुढे ढकलून त्याच रेघा मागच्या बाजूला, हबच्या उंचीवर आल्या की पुन्हा मोजावे. पुढचे अंतर कमी असेल तर टो-इन, जास्त असेल तर टो-आऊट. मोजताना त्याच रेघा वापरल्यामुळे रिम थोडी वाकडी असली तरी फसगत होत नाही. कॅम्बरसाठी गवंड्याचा ओळंबा पुरतो. तो चाकासमोर सोडून रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून दोरीचे अंतर मोजावे. १६ इंचांच्या रिमवर या दोन अंतरांतला सुमारे ७ मिलिमीटरचा फरक म्हणजे १ अंश.

प्रश्न : दापोलीहून लिहितो आहे. माझ्या जिप्सीला चारही बाजूंना लांब शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणारे झुलते दुवे) घातले आहेत. घाटात वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही आणि महामार्गावर गाडी तरंगल्यासारखी डोलते. टो तीन वेळा तपासला, तो ठीक आहे. मग चूक कोठे आहे?

उत्तर : आपल्या गाडीचा कॅस्टर कमी झाला आहे. सायकलचा पुढचा चिमटा जसा मागे कललेला असतो आणि त्यामुळे हात सोडले तरी ती काही काळ सरळ जाते, तसाच कल मोटारीच्या किंगपिनलाही, म्हणजे ज्यावर चाक वळते त्या खिळीलाही, दिलेला असतो. जिप्सीत पुढचे शॅकल पाट्यांच्या पुढच्या टोकाला असतात. ते लांब केले की पाटा पुढच्या बाजूने खाली झुकतो, त्याच्याबरोबर एक्सलही पुढे फिरतो आणि किंगपिनचा मागचा कल घटतो. मागची बाजू पुढच्यापेक्षा अधिक उचलली असेल तर त्यात आणखी भर पडते. व्हीलबेस २.४ मीटरच्या आसपास असलेल्या गाडीत मागची बाजू ४२ मिलिमीटर जास्त उचलली की साधारण १ अंश कॅस्टर जातो.

पुढे मूळ मापाचे शॅकल परत घालणे हा उत्तम उपाय. उंची हवीच असेल तर त्यासाठी बनवलेले वेगळे पाटे घ्यावेत. काही मेस्त्री एक्सल आणि पाट्याच्या मध्ये लोखंडी पाचर बसवतात. त्याने कॅस्टर परत मिळतो, परंतु एक्सल फिरल्यामुळे पिनियनचे (प्रोपेलर शाफ्ट एक्सलला जेथे जोडतो त्या गिअरचे) तोंड खाली जाते आणि फोर व्हील लावल्यावर पुढचा प्रोपेलर शाफ्ट थरथरू शकतो. म्हणून पाचर लहान असावी आणि कॅस्टर मोजल्याशिवाय ती बसवू नये, कारण उलटी बसली तर मूळ दोष वाढतो. यू-बोल्ट काही दिवस गाडी चालवून पुन्हा आवळावेत. स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे येणारा ड्रॅग लिंक किती तिरका झाला आहे, तेही पाहावे. खड्ड्यात स्टिअरिंग हातात झटका देत असेल तर कारण तेथेच आहे.

आपल्याला आणि देवगडच्या बागायतदारांना एक सांगणे आवश्यक वाटते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात ते स्पष्ट केले आहे. अपघात झाल्यास विम्याचा प्रश्नही येथेच अडतो. उंची कमी करा असे मी वर लिहिले, त्याला हेही एक कारण आहे.

प्रश्न : गुहागरला समुद्राजवळ राहतो. अलाइनमेंटवाल्याने टाय रॉडचे लॉकनट गंजून धरले आहेत म्हणून गाडी परत पाठवली. नवे भाग घालावेच लागतील का?

उत्तर : लगेच नाही. खाऱ्या हवेत आटे धरतात, पण बहुतेक वेळा ते सुटतात. आटे तारेच्या ब्रशने साफ करून गंज सोडवणारे तेल सलग दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ सोडावे. टाय रॉड एंडवर थेट गॅसची ज्योत देऊ नये, कारण आतले ग्रीस आणि रबरी टोपी जळते. नट सैल करण्यापूर्वी त्याच्या जागेवर आट्यांवर पांढऱ्या रंगाची खूण करावी आणि किती फेरे फिरवले ते लिहून ठेवावे, म्हणजे अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी निदान पूर्वीच्या टोवर नेता येते. पुन्हा आवळण्यापूर्वी आट्यांना ग्रीस लावावे आणि पुळणीत गाडी नेली असेल त्या दिवशीच तिची खालची बाजू गोड्या पाण्याने धुवावी.