कार्डाच्या दाराचं काम शिकावं, की विमानतळावर बॅगा तपासाव्यात?

प्रश्न : मुलगा 21 वर्षांचा आहे. इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनचा डिप्लोमा झालाय. सध्या पुण्यात एका ठेकेदाराकडे सीसीटीव्ही आणि कार्डाने उघडणारे दरवाजे बसवतो. नातेवाईक म्हणतात, कुलपं ठोकायला डिप्लोमा कशाला? माझा भाऊ म्हणतो, मुंबईत विमानतळ सुरक्षेचा कोर्स करू दे, बॅगा तपासायची नोकरी पक्की. फी 60 हजार. मुलाला स्वतःला बॉम्बशोधक पथकाची ओढ आहे. काय करावं? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, फी भरली नसेल तर आधी हात आखडता घ्या.

विमानतळावरच्या सुरक्षेचे नियम ब्युरो ऑफ सिव्हिल एव्हिएशन सिक्युरिटी, म्हणजे बीकॅस, ठरवते. एक्स-रे मशीनसमोर बसायचं तर आधी बेसिक ॲव्हसेक, म्हणजे विमान सुरक्षेचा प्राथमिक कोर्स, आणि त्यानंतर स्क्रीनरचं, म्हणजे बॅगा तपासणाऱ्याचं, प्रशिक्षण व परीक्षा. ही प्रशिक्षणं सहसा नोकरीत घेतलेल्या माणसाला विमान कंपनी, विमानतळचालक किंवा कार्गो कंपनीच मान्यताप्राप्त संस्थेत पाठवून देते. बाहेरच्या क्लासचं स्वतःचं प्रमाणपत्र दाखवून कुणी मशीनसमोर बसवत नाही. क्लासवाल्यांना दोनच गोष्टी विचारा : बीकॅसच्या मान्यतेचं पत्र दाखवा, आणि मुलगा नेमका कुणाच्या पगारपत्रकावर येणार ते लेखी द्या. इथे उत्तर गोलमोल आलं की समजून जा.

सरकारी मालकीच्या एएआय कार्गो लॉजिस्टिक्स अँड अलाइड सर्व्हिसेस या कंपनीत नवख्यांची स्क्रीनर म्हणून भरती होते, पण त्यासाठी पदवी लागते. अलीकडच्या जाहिरातींत खुल्या गटाला पदवीत 60 टक्के गुण, वयोमर्यादा 27 आणि नेमणूक ठरावीक मुदतीच्या करारावर, असं होतं. नुसत्या डिप्लोमावर तुमचा मुलगा तिथे बसत नाही. शिवाय हे काम डोळ्यांचं. पडद्यावर सेंद्रिय वस्तू नारिंगी, धातू निळे आणि मधल्या घनतेचे किंवा मिश्र पदार्थ हिरवे दिसतात. मशीन मधूनमधून धोक्याच्या वस्तूचं खोटं चित्र बॅगेत घुसवून तुमची परीक्षा घेतं. नजर थकते म्हणून साधारण वीस मिनिटांनी माणूस बदलतात. रंग ओळखण्यात दोष असेल तर विषयच संपला. ती तपासणी आधी करून घ्यावी. नोकरी चांगली आहे, पण तीन वर्षं शिकलेलं इलेक्ट्रॉनिक्स तिथे माळ्यावर जातं.

बॉम्बशोधक व नाशक पथक ही पोलिसांतली शाखा. आधी पोलीस भरती, मग काही वर्षं नोकरी, मग निवड, मग प्रशिक्षण. ते शिकवणारा खासगी क्लास कुणी दाखवला तर तिथूनच परत फिरा. पुण्यात पाषाणला डीआरडीओची, म्हणजे संरक्षण संशोधन संस्थेची, एचईएमआरएल प्रयोगशाळा स्फोटकं ओळखण्याची साधनं बनवते, मात्र तिथला रस्ता रसायनशास्त्रातून जातो.

स्फोटकशोधाची आवड असेल तर डिप्लोमावाल्यासाठी एक दार आहे, ते फार कुणी सांगत नाही : ही यंत्रं दुरुस्त करणारा सर्व्हिस इंजिनिअर. बॅगेवरून फिरवलेली पट्टी ज्या मशीनमध्ये घालतात ते ईटीडी, म्हणजे स्फोटकांचे बारीक कण शोधणारं यंत्र. ते पट्टी तापवतं, वर चिकटलेल्या कणांची वाफ करतं, रेणूंना विद्युतभार देतं आणि नळीतून धावायला ते किती मिलिसेकंद घेतात यावरून पदार्थ ओळखतं. हातमोजे न बदलता पट्टी धरली, धूळ साचली किंवा एखाद्या मोठ्या नमुन्यानंतर यंत्र साफ न करता पुढचा नमुना घातला की खोटे अलार्म सुरू. हृदयरोग्याच्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या आणि खताचे हातही अलार्म वाजवू शकतात. अलार्म खरा की यंत्राचा, हे शोधून काढणं हेच या इंजिनिअरचं काम.

आता सध्याच्या नोकरीबद्दल. नातेवाइकांना 'कुलूप ठोकणं' वाटतं ते एका दारापुरतं बघू. ऑफिसच्या काचेच्या दाराला 600 पौंडी, म्हणजे सुमारे 270 किलो पकडीचं ईएम लॉक, म्हणजे विजेवर चालणारं चुंबकी कुलूप : चौकटीवर चुंबक, दारावर लोखंडी पट्टी. आठवड्यात तक्रार येते, "जोर लावला की उघडतं." नवखा पोरगा लॉक बदलतो, तक्रार तशीच राहते. पहिलं कारण पट्टीचं. दारावरची लोखंडी पट्टी त्याने गच्च आवळलेली असते. तिच्यामागे रबरी वॉशर ठेवून ती किंचित हलती सोडायची असते, म्हणजे ती चुंबकावर सपाट बसते. कागदाएवढी फट राहिली तरी पकड कोसळते.

दुसरं कारण तारेचं. लॉक 12 व्होल्टवर साधारण अर्धा अँपिअर घेतं. पॉवर सप्लाय 30 मीटर दूर आणि हाताशी होती म्हणून कॅट-6 या नेटवर्क केबलमधली तारांची एक जोडी वापरली. जाऊन-येऊन 60 मीटर बारीक तांबं, म्हणजे चार-पाच ओहम. दोन ते अडीच व्होल्ट वाटेतच जातात आणि लॉकला साडेनऊ-दहा मिळतात. तिथे 1 चौरस मिलिमीटरची तार टाकली तर घट अर्ध्या व्होल्टच्या आसपास राहते. मीटर लावायचा तो लॉकच्या टोकांवर, लॉक चालू असताना. सप्लायपाशी 12 दिसतातच. लॉकमध्ये आधीच संरक्षण नसेल तर कॉइलला उलटा डायोड लावायचा, नाहीतर प्रत्येक वेळी बंद होताना येणारा झटका कंट्रोलरच्या, म्हणजे कार्ड तपासून दार उघडणाऱ्या पेटीच्या, रिलेचे (आतल्या विजेच्या स्विचचे) संपर्क जाळतो. हे गणित तोंडपाठ असलेला आणि नसलेला यांच्या पगारात फरक पडतो, ताई.

आणि आगीचा मुद्दा. बाहेर पडायच्या वाटेवरचं लॉक वीज गेली की सुटलंच पाहिजे. दाराजवळचा हिरवा इमर्जन्सी डबा लॉकची वीज थेट तोडणारा हवा. कंट्रोलरला नुसता निरोप देणारा नको, कारण कंट्रोलर अडकला की माणसंही अडकतात. फायर अलार्म पॅनेलचा रिलेही लॉकच्या याच वीजवाटेत हवा. ही जोडणी घाईत गाळणारे ठेकेदार कमी नाहीत. मुलाला सांगा, काम सोपवताना ग्राहकासमोर मेन बंद करायचा, मग बॅटरीही काढायची, आणि प्रत्येक दार स्वतः ढकलून बघायचं.

येत्या वर्षात त्याने काय शिकावं? रीडर, म्हणजे कार्ड वाचणारं यंत्र, कंट्रोलरला जोडायची जुनी विगँड पद्धत त्याला येतच असेल. ती साधारण दीडशे मीटरपर्यंतच भरवशाची, आणि तारेतून कार्डाचा नंबर उघडाच जातो. नवी कामं ओएसडीपी या नव्या जोडणी पद्धतीवर येताहेत. ती आरएस-485 या तारजोडणीवर चालते, अंतर बाराशे मीटरपर्यंत, माहिती कुलूपबंद पाठवता येते. पण तार एका रीडरवरून दुसऱ्याकडे अशी ओळीने न्यावी लागते. मधून फांद्या फोडल्या की रीडर गायब होतात. 125 किलोहर्ट्झची स्वस्त कार्डं सहज नक्कल होतात, हे ग्राहकाला न घाबरवता सांगता आलं पाहिजे. फाउंड्रीत किंवा बांधकामावर बोटांचे ठसे झिजलेले असतात, तिथे बोटाचं मशीन विकणं म्हणजे रोजची भांडणं विकत घेणं. याच्या जोडीला नेटवर्किंग हवंच : आयपी पत्ते, व्हीलॅन (एका नेटवर्कचे वेगळे कप्पे), नेटवर्क स्विच. एवढं जमलं की हिंजवडीची आयटी पार्क आणि ऐरोली-महापेची डेटा सेंटर त्याच्या आवाक्यात येतात.

ठेकेदाराकडे दोन गोष्टींचा आग्रह धरा. एक, पीएफ आणि विमा. हे शिडीवर चढायचं काम आहे. दुसरं, नुसत्या तारा ओढायला न ठेवता महिन्यातून एखाद्या साइटचं कमिशनिंग, म्हणजे कंट्रोलर चालू करून सॉफ्टवेअरला जोडण्याचं काम, त्याच्या हाती द्यावं. वर्षभरात ते मिळालं नाही तर ठेकेदार बदला.

आणि त्या 60 हजारांतला काही भाग नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी करता करता पदवी घेण्यावर लावा. आत्ता प्रवेश घेतला तर 27 च्या आत पदवी हातात येते आणि स्क्रीनर भरतीचं दारही उघडं राहतं. टक्के मात्र साठच्या वर ठेवायला सांगा.