बालवाडीत मूल रुळावं म्हणून

अक्षरं-अंकांची घाई आत्ता नको. बालवाडीत मूल रुळतं ते स्वतःची कामं स्वतःला जमायला लागली की. डब्याचं झाकण उघडणं, चपलेचा पट्टा लावणं, "शू लागली" असं बाईंना न घाबरता सांगणं, एवढं घरी करून घ्या. डबा उघडत नाही म्हणून हिरमुसून बसलेली मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत, तेव्हा झाकण घट्ट असेल तर सरळ डबाच बदला.

सोडताना निरोप छोटा ठेवा, पण गुपचूप सटकू नका. मुलाचा विश्वास उडतो आणि दुसऱ्या दिवशी ते हात सोडत नाही. त्याला 'बारा वाजता' कळत नाही, 'गाणी संपली की' कळतं. तसं सांगा आणि खरंच तेव्हा दारात हजर राहा.

'नुसतं खेळवतात' अशी तक्रार करू नका. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांनी 1837 मध्ये जर्मनीत बालवाडीचं काम सुरू केलं तेच खेळाला मध्यभागी ठेवून. झोप मात्र दिवसाकाठी 10 तास तरी हवीच.

घरी आल्यावर चिडचिड झाली तर आधी खायला द्या, जवळ घ्या. "काय शिकलास?" नको; "शेजारी कोण बसलं होतं?" विचारा, मग बघा कसं भडाभडा बोलतं.