चाळीचं प्रदर्शन भरवायचं आहे. लोक नुसते बघून न जाता त्यात उतरतील, असं डिझाइन कसं करावं?

तुमची चाळ पुनर्विकासाला जाणार, बिऱ्हाडं ट्रान्झिट कॅम्पात पांगणार, आणि त्याआधी तळमजल्यावर चार दिवसांचं प्रदर्शन भरवायचं. जुने फोटो फ्लेक्सवर छापायचे आणि शेवटी 'तुमच्या आठवणी इथे लिहा' अशी एक भिंत. एवढ्यावर लोक एकमेकांशी बोलू लागतील का, असं तुम्ही विचारलंय.

मी प्रदर्शनांच्या डिझाइनचं काम करतो. बहुतेक संस्थांच्या शताब्द्या, अमृतमहोत्सव वगैरे. फोटोंपुढे लोक नक्की थांबतील, 'हा बघ तुझा बाबा' म्हणतील. भिंतीचं मात्र सांगता येत नाही. आपल्याकडच्या कुठल्याही प्रदर्शनाची अभिप्राय वही उघडून बघा. 'स्तुत्य उपक्रम', 'खूप छान', 'शब्द अपुरे आहेत', खाली सही. माणसं आळशी असतात म्हणून असं होत नाही. कोऱ्या वहीपुढे उभं राहून 'काहीतरी लिहा' म्हटल्यावर कुणीही हेच लिहील. तुमची भिंत म्हणजे उभी केलेली अभिप्राय वहीच आहे.

लोकांचा हात लागला म्हणजे लोक जोडले गेले, असं होत नाही. यायोई कुसामा या जपानी कलावतीनं 2002 मध्ये ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड आर्ट गॅलरीत मुलांसाठी एक खोली केली. खुर्च्या, टेबल, भिंती सगळं पांढरंशुभ्र. येणाऱ्याला रंगीत टिकल्यांचा कागद मिळतो, हवी तिथे टिकली चिकटवायची. पुढे जिथे जिथे ही खोली मांडली गेली तिथे गर्दी झाली आणि खोली दिसतेही फार सुंदर. पण माझी टिकली तुमच्या टिकलीला काही विचारत नाही. दोघं शेजारी उभं राहून चिकटवतो आणि अनोळखीच बाहेर पडतो. कला म्हणून मला ती आवडते, पण तुमच्या कामाची नाही.

तुमच्या कामाचं उदाहरण दक्षिण आफ्रिकेत आहे, केपटाऊनच्या डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये. शहराच्या मध्याजवळची, टेबल माउंटनच्या पायथ्याची ही दाट वस्ती. बंदरातले कामगार, कारागीर, दुकानदार, मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू, सगळे मिसळून राहत. 11 फेब्रुवारी 1966 ला वर्णद्वेषी सरकारनं हा भाग फक्त गोऱ्यांसाठी असल्याचं जाहीर केलं. पुढच्या पंधराएक वर्षांत साठ हजारांहून अधिक माणसं उचलून शहराबाहेरच्या केप फ्लॅट्सच्या वाळूत वसवली आणि घरं बुलडोझरनं पाडली. चर्च आणि मशिदी तेवढ्या उभ्या राहिल्या.

1994 च्या डिसेंबरात तिथल्याच एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम उघडलं. पहिल्या प्रदर्शनाचा विषय होता रस्ते. पाडकामावरच्या एका माणसानं रस्त्यांच्या नावांच्या पाट्या फेकून न देता जपून ठेवल्या होत्या, त्या छतापासून खाली टांगल्या. आणि जमिनीवर अख्ख्या वस्तीचा हातानं रंगवलेला मोठा नकाशा अंथरला, वर पारदर्शक आवरण. जुने रहिवासी येत, आपली गल्ली शोधत आणि घर होतं तिथे आडनाव लिहीत. प्रदर्शन थोड्या दिवसांचं ठरलं होतं, पण लोक येतच राहिले आणि ते तिथेच राहिलं.

हा नकाशा नीट बघा, कारण सगळं डिझाइन त्यात आहे. त्यानं कुणाला 'तुम्हाला काय वाटतं' असं विचारलं नाही. 'तुम्ही कुठे राहत होता' एवढंच विचारलं, आणि ते सांगायला शब्दसंपत्ती लागत नाही. उत्तर त्या माणसाशिवाय कुणाकडे नसतं, प्रदर्शन मांडणाऱ्या क्युरेटरकडेही नाही. आणि मी माझं घर लिहिलं की शेजारचा चौकोन रिकामा दिसतो. तो कुणाचा, हे मला ठाऊक असतं किंवा त्यावर मी कुणाशी तरी वाद घालतो. पुढचा माणूस येऊन तो भरतो, नाहीतर मी चुकलो म्हणून सांगतो. एकाची नोंद दुसऱ्याशिवाय पुरी होत नाही. माझ्या मते समुदाय बांधणारं डिझाइन म्हणजे एवढंच. रंग, फाँट, लोगो हे सगळं त्यानंतर येतं.

म्हणून ती भिंत काढा आणि चाळीचा नकाशा करा.

हिशेब सोपा आहे. चाळीतली खोली साधारण दहा बाय बाराची धरली आणि नकाशा वीसपट लहान केला, तर एक खोली कागदावर 15 बाय 18 सेंटिमीटरची होते. त्यात तीन-चार बिऱ्हाडांची नावं मावतात. मजल्यावर एका ओळीत वीस खोल्या असतील तर तो मजला दहा फूट लांब होतो. प्रत्येक मजल्याची वेगळी पट्टी करा. खोल्यांपुढे गॅलरीची मोकळी जागा मुद्दाम रुंद ठेवा, कारण सगळ्यात जास्त मजकूर तिथेच जमेल: नळावरची भांडणं, कॅरम, पापड कुठे वाळत घालायचे, कुणाच्या टीव्हीवर मॅच बघायला गर्दी व्हायची. संडासाची रांगही दाखवा, उगाच सभ्यपणा नको.

केपटाऊनचा नकाशा जमिनीवर आहे. तुम्ही तो टेबलावर ठेवा. आपल्याकडे ज्यांना सगळ्यात जास्त माहीत आहे त्यांचे गुडघे सत्तरीचे असतात. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी उभं राहता आलं पाहिजे, म्हणजे समोरासमोरची माणसं आपोआप बोलतात. भिंतीकडे तोंड करून उभी असलेली माणसं बोलत नाहीत.

शाईचे दोनच रंग ठेवा. गिरणगावातली चाळ असल्यानं माझी सूचना अशी: 1982 च्या संपाआधी आलेल्या बिऱ्हाडांना निळा, नंतर आलेल्यांना लाल. संध्याकाळपर्यंत नकाशाच सांगू लागेल कोण टिकलं आणि कुणी खोली विकून डोंबिवली-विरार गाठलं. त्यासाठी वेगळा तक्ता करावा लागणार नाही.

सुरुवातीला नकाशा पूर्ण कोरा ठेवू नका. आदल्या संध्याकाळी चार-पाच जुन्या घरांकडून त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या. छापील अक्षरापुढे लोक बुजतात. वाकड्यातिकड्या हस्ताक्षरापुढे हात लवकर चालतो. आणि ज्यांना लिहिता येत नाही किंवा लाज वाटते, त्यांच्यासाठी कॉलेजातली दोन मुलं बसवा. आजी सांगतील, मुलं लिहितील. नातवंडांना ज्या गोष्टी घरात कधी ऐकायला मिळाल्या नाहीत त्या इथे कानावर पडतात.

एक सावधगिरी, जी परदेशी उदाहरणांत सापडणार नाही. पुनर्विकासात कोण कधीपासून राहतं हा पात्रतेचा मुद्दा असतो. एका खोलीवरून दोन भावांत दावा चालू असेल तर तुमचा नकाशा पेटेल. म्हणून वर ठळक अक्षरात लिहा: हा आठवणींचा नकाशा आहे, कोणत्याही हक्काचा पुरावा नाही. ज्याला नाव नको त्यानं नुसती आठवण लिहावी. फोन नंबर कुणाचाच नको.

फक्त अक्षरांवर उभी असलेली कामं बघायची असतील तर दोन सांगतो. शीला डी ब्रेटव्हिल या अमेरिकन ग्राफिक डिझायनरनं 1973 च्या सुमारास रंगावरच्या एका प्रदर्शनासाठी गुलाबी हा रंग घेतला. बायका-मुलींना विचारलं, गुलाबी म्हटलं की काय आठवतं? त्यांनी दिलेले तुकडे चौकोनांत मांडले, काही चौकोन रिकामे ठेवले आणि ते पोस्टर लॉस एंजेलिसच्या भिंतींवर लावलं. डिझायनरनं स्वतःचं मत एका कोपऱ्यात ठेवून बाकी जागा दुसऱ्यांना दिली, त्या काळात हे धाडसच. दुसरं काम कँडी चँग या अमेरिकन कलावतीचं. 2011 मध्ये न्यू ऑर्लिन्समधल्या तिच्या वस्तीतल्या एका ओसाड घराला तिनं फळ्याचा काळा रंग दिला आणि 'मरण्यापूर्वी मला ______ आहे' अशा अर्थाची ओळ स्टेन्सिलनं पुन्हा पुन्हा उमटवली. बाजूला खडू. दुसऱ्या दिवशी भिंत भरली होती. यातून उचलायचं ते गाळलेल्या जागेचं माप. ओळ एवढीच की पाच-सहा शब्दांत सांगावं लागतं, निबंधाची भीती वाटत नाही. मात्र ही ओळ आपल्याकडे इव्हेंटवाल्यांनी इतकी वापरलीय की तुम्ही ती घेऊ नका.

तुमच्याकडे गाळलेल्या जागा हव्याच असतील तर प्रश्न चाळीतलाच काढा. 'माझ्या घरची किल्ली ______ यांच्याकडे ठेवलेली असायची.' दुसऱ्याचं नाव घेतल्याशिवाय हे वाक्य पुरं होत नाही, आणि ज्याचं नाव येतं तो माणूस दुसऱ्या दिवशी बघायला येतोच.

क्यूआर कोड, सेल्फी पॉइंट हे टाळा, पैसे वाचतील. फोटोंसाठीही सनबोर्डऐवजी साध्या कागदावर मोठे प्रिंट काढा आणि खाली पेन्सिल बांधा, म्हणजे ओळखीच्या चेहऱ्याशेजारी नाव लिहिता येईल.

नंतर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तेच आधी ठरवा. डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये नकाशाबरोबर मांजरपाटाचे लांब तागेही होते. त्यांवर लोक मार्करनं नाव-मजकूर लिहीत आणि तो नंतर दोऱ्यानं भरला जाई, कारण शाई उडते. तुमच्या चाळीत गोधड्या शिवणाऱ्या बायका असणारच. मजल्यागणिक एक मांजरपाट त्यांच्याकडे सोपवा. प्रदर्शन चार दिवसांत उठेल, भरतकाम महिनोन् महिने चालेल, आणि ट्रान्झिट कॅम्पात वेगवेगळ्या इमारतींत गेलेल्या बायकांना दुपारी एकत्र बसायला कारण मिळेल. नव्या इमारतीत सोसायटीचं ऑफिस कुठे होणार, त्याची भिंत आत्ताच कमिटीच्या ठरावात लिहून घ्या. नंतर कुणी देत नाही.

डिझायनर लागेल का, तर नकाशा मापात काढायला आणि अक्षरं सुवाच्य ठेवायला एखादा ओळखीचा आर्किटेक्चरचा विद्यार्थी पुरे. तारीख मात्र सामान हलवायच्या आठवड्यातली धरू नका. त्या वेळी लोकांच्या डोक्यात टेम्पो आणि भाड्याचा चेक असतो. गणपतीत चाळ सोडून गेलेलेही येतात, तेव्हाच धरा.